जीवनाचा कैवार आणि नर्मदाकाठची आई

सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर धरण पहिल्यांदाच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या कुक्षी तालुक्यातले निसरपूर पाण्याखाली गेले. पंचक्रोशीतली खेडी जिथे बाजाराला यायची, असे हे मोठे गाव. काही कुटुंबे आधीच पुनर्वसन वसाहतीत गेली होती, काही पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलली नाहीत. या पट्ट्यातल्या अनेकांच्या वाट्याला पत्र्याचे तात्पुरते निवारे आले. आधी पुनर्वसन आणि मगच बुडीत, असे नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ सालीच बजावले होते. त्याच निवाड्याने विस्थापितांच्या सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले. सज्ञान मुलीला मात्र तो हक्क दिला नाही. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातल्या ३३ गावांनीही याच धरणाचे बुडीत सोसले आहे, त्यामुळे ही कहाणी मराठी वाचकाला परकी नाही.

धरणाच्या हिशेबात जमीन, घर, झाडे, विहिरी मोजल्या जातात. गरोदर बाई आणि तान्हे मूल वेगळे मोजले जात नाही. दवाखाना किती लांब गेला, अंगणवाडी नव्या वसाहतीत आली का, पाणी आणायला किती चालावे लागते, ओळखीची सुईण आता कुठे राहते, हे प्रश्न पंचनाम्याच्या कागदावर नसतात. बाईच्या आयुष्यात मात्र मूल होऊ द्यायचे की नाही, झाले तर ते जगेल का, हे याच प्रश्नांवर ठरते.

अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९९४ साली शिकागोत एकत्र येऊन या प्रश्नांची सांगड घातली आणि तिला ‘प्रजनन न्याय’ असे नाव दिले. त्यांच्या मांडणीत तीन हक्क आहेत: मूल नको असेल तर ते न होऊ देण्याचा, हवे असेल तर होऊ देण्याचा, आणि झालेले मूल सुरक्षित, निरोगी परिसरात वाढवण्याचा. गर्भपाताच्या कायद्यावरचे वाद पहिल्या हक्कापाशीच अडकतात. निसरपूरच्या बाईला तिन्ही हक्क एकाच वेळी लागतात.

इथे ख्रिस्ती धर्माचा विषय काढण्याला कारण आहे. मानवी जीवन गर्भापासून पवित्र आहे, असे चर्च जगभर ठामपणे सांगते. माळवा आणि निमाडमध्ये ख्रिस्ती संस्थांचे दवाखाने, शाळा, वसतिगृहे शतकाहून अधिक काळ आहेत. जीवनाच्या बाजूने बोलण्याचा हक्क या संस्थांनी इथे कष्टाने कमावला आहे. पण तो कैवार गर्भापुरता न राहता आईच्या शरीरापर्यंत, तिच्या निर्णयापर्यंत आणि तिच्या पायाखालच्या जमिनीपर्यंत पोहोचला पाहिजे. चर्चचा या मुलखातला स्वतःचा इतिहासच त्याला तसे सांगतो.

आधी अलीकडची स्थिती पाहू. नर्मदेच्या पलीकडे बडवानी आहे. २०१० साली तिथल्या जिल्हा रुग्णालयात एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पंचवीसच्या आसपास मातामृत्यू झाले आणि त्यांत आदिवासी स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. डिसेंबरात जागृत आदिवासी दलित संघटनेच्या पुढाकाराने लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी २०११ मध्ये डॉ. सुभाश्री, एन. सरोजिनी आणि रेणू खन्ना यांच्या पथकाने जाऊन चौकशी केली. त्यांना दिसलेले चित्र साधे आणि भयंकर होते. जननी सुरक्षा योजनेच्या पैशांमुळे बायका बाळंतपणासाठी दवाखान्यात येऊ लागल्या होत्या, पण तिथे उपचारांची धड सोय नव्हती. रक्तक्षयाकडे कोणी वेळेवर पाहिले नव्हते. अवघडलेल्या बाईला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात आणि तिथून थेट इंदूरला पाठवले जात होते.

२०१२ मध्ये ‘संदेश बन्सल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने निकाल दिला की, बाळंतपणातून जिवंत बाहेर पडणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जीवनाच्या हक्काचा भाग आहे. पैसा किंवा माणसे कमी आहेत, ही सबब सरकारला सांगता येणार नाही. न्यायालयाची ही भाषा आणि ‘जीवन पवित्र आहे’ ही चर्चची भाषा एकमेकींच्या किती जवळ आहेत! आईच्या जिवासाठी कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तेव्हा ‘जीवना’चा सर्वांत मोठा आवाज चर्चचा असायला हवा होता.

या आवाजाला धारमध्ये जुनी परंपरा आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ पासून इंदूर आणि आसपासच्या संस्थानांत काम सुरू केले. मार्गारेट ओहारा ही डॉक्टर १८९१ मध्ये किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन त्याच वर्षी भारतात आली आणि पुढे पवारांच्या धार संस्थानात स्थिरावली. पुरुष डॉक्टरसमोर न येणाऱ्या बायकांसाठी तिने धारमध्ये दवाखाना उभारला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अनाथ झालेली मुले सांभाळली, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. धर्मप्रसार हा तिच्या कामाचा उघड हेतू होता, तो लपवण्याचे कारण नाही. पण धारच्या बाईने बाळंतपणात मरता कामा नये, ही तिची तळमळही तितकीच उघड होती. १९२७ पर्यंत ती या कामात होती.

बायकांना स्त्री डॉक्टर हवी, हे पंडिता रमाबाईंनी तिच्याही आधी, १८८२ साली, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना सांगितले होते. पुरुषाला दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांची साक्ष व्हिक्टोरिया राणीपर्यंत पोहोचली आणि १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड उभा राहण्यामागे जी अनेक कारणे होती, त्यांत ती एक ठरली.

कॅथलिक चर्चच्या बाबतीत हा प्रवास अधिक अवघड होता, म्हणून अधिक बोलकाही आहे. जोगिणींनी बाळंतपणाचे वैद्यकीय काम करू नये, असा त्या चर्चचा नियम होता. अॅग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टरने रावळपिंडीत स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू केले, तेव्हा तिला हा नियम आडवा आला. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नव्हत्या आणि जोगिणींना त्यांचे बाळंतपण करायची मुभा नव्हती. मॅक्लारेनने रोमकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले. १९१३ साली तिचा मृत्यू झाला तेव्हाही नियम तसाच होता. अॅना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरने त्याच रुग्णालयात काम केले, १९२५ मध्ये वैद्यकीय सेवेसाठी जोगिणींचा संघ काढला आणि हा झगडा पुढे नेला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने आदेश काढून जोगिणींना प्रसूतिसेवेची परवानगी दिली. रोमचा नियम हलायला भारतातल्या बाळंतिणींचे मृत्यू कारण ठरले. देशभर प्रसूतिगृहे चालवणाऱ्या आजच्या कॅथलिक जोगिणी त्याच आदेशाच्या वारसदार आहेत.

दुसरी परंपरा देवास जिल्ह्यातली आहे. केरळमधल्या पुल्लुवळी गावात १९५४ साली जन्मलेल्या सिस्टर रानी मारिया १९९२ मध्ये बागली तालुक्यातल्या उदयनगरला आल्या. त्यांनी ना दवाखाना काढला, ना मोठी शाळा. आदिवासी आणि भूमिहीन मजुरांना बँकेत नेले, सरकारी योजनांचे अर्ज भरून घेतले, बचतीचे गट बांधले. सावकाराचा विळखा त्याने सैल होऊ लागला आणि ज्यांचा धंदा बुडत होता त्यांना ही बाई सलू लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरला जायला बसने निघाल्या असताना समंदर सिंह या तरुणाने प्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारले. त्यांचे वय ४१ होते. त्याला जन्मठेप झाली. रानी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याला क्षमा केली आणि तो २००६ मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये रानी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

या हकिकतीतली क्षमा जगभर सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगीच आहे. पण क्षमेच्या तेजात त्यांचे काम झाकोळता कामा नये. कर्ज फिटले तर धान्य विकावे लागत नाही, धान्य घरात राहिले तर गरोदर बाईच्या ताटात पडते आणि मजुरीसाठी दिवस भरत आलेल्या पोटाने गुजरातची वाट धरावी लागत नाही. रानी मारियांनी ‘प्रजनन न्याय’ हा शब्द कधी उच्चारला नसेल. त्यातल्या तिसऱ्या हक्कासाठी त्यांनी केलेले काम मात्र याच देवास जिल्ह्यातले आहे.

आता दुसरी बाजू, तितक्याच स्पष्टपणे. सविता हलप्पनवार ही बेळगावची मुलगी, व्यवसायाने दंतवैद्य, आयर्लंडमध्ये गॅलवेला राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, गर्भ १७ आठवड्यांचा असताना, तिला तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल केले. गर्भ वाचणार नाही, हे डॉक्टरांना कळले होते. तिने गर्भपाताची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. हा कॅथलिक देश आहे, असेही तिला सांगण्यात आले. संसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. संसर्गावर वेळेत लक्ष ठेवले गेले नाही, असेही नंतरच्या चौकशीत दिसून आले. पण डॉक्टरांचे हात ज्या कायद्याने बांधले होते, तो १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीतून आला होता आणि त्या दुरुस्तीमागे चर्चचे वजन होते. बेळगावातल्या तिच्या वडिलांनी आयरिश मतदारांना कायदा बदलण्याची विनंती केली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती रद्द केली. दोनच वर्षांपूर्वीच्या जनगणनेत या देशातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवून घेतले होते. म्हणजे श्रद्धा सोडून दिलेल्यांनीच हा निर्णय घेतला, असे मानायला जागा नाही.

भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही तोच हक्क दिला. या कायद्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १० ऑगस्ट २०२१ रोजी, काही कॅथलिक मंडळींनी शोकदिन पाळला. गर्भाबद्दल दुःख वाटणे हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा आदर व्हायला हवा. पण बडवानीच्या रुग्णालयात गेलेल्या आयांसाठी असा देशव्यापी शोकदिन कोणी पाळला नाही. कायदेशीर गर्भपाताची वाट बंद झाली की गरीब बाई गर्भपात थांबवत नाही. ती वैदूकडे किंवा औषधाच्या दुकानात जाते आणि जीव धोक्यात घालते. ‘जीवना’च्या नावाने बोलणाऱ्याने हेही जीव मोजायला हवेत.

यावर चर्चचा आक्षेप गंभीर आहे. गर्भ हा माणूस आहे अशी ज्याची मनापासून श्रद्धा आहे, त्याने बाईच्या निर्णयापुढे मान का तुकवावी? उत्तर असे की, श्रद्धा सांगणे वेगळे आणि ती कायद्याच्या किंवा रुग्णालयाच्या जोरावर दुसऱ्याच्या शरीरावर लादणे वेगळे. चर्चने आपली शिकवण द्यावी, विनवावे, आधार द्यावा; नको असलेले मूल सांभाळायची तयारी दाखवावी. निर्णय मात्र बाईच्या सद्सद्विवेकाचा असू द्यावा. ही सद्सद्विवेकाची भाषा बाहेरून आणलेली नाही. ख्रिस्ती झाल्यानंतर इंग्लंडमध्ये असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला नको, अशी हरकत भारतातल्या बिशपांनी घेतली. तेव्हा धर्मगुरूंच्या आज्ञेहून आपला विवेक मोठा मानण्याचा हक्क त्यांनी पत्रांतून निक्षून मांडला. पुढे याच रमाबाईंनी केडगावला समाजाने टाकलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ उघडले.

शिवाय चर्चचे मत बदलत आले आहे. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी धर्मस्वातंत्र्य चुकीच्या मतांच्या यादीत घातले. १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी मानवी हक्कांचा खुला पुरस्कार केला आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. शंभर वर्षांत एवढे अंतर तोडले गेले. १९३० मध्ये अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने गर्भनिरोधनाला मर्यादित मान्यता दिली. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम गर्भनिरोधनाला नकार दिला, तोही स्वतःच्या सल्लागार आयोगातल्या बहुमताच्या विरोधात जाऊन. या प्रश्नावर ख्रिस्ती श्रद्धा कधीच एका सुरात बोललेली नाही.

सक्तीच्या विरोधात चर्च स्त्रीचा मोठा सोबती होऊ शकते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्यानंतर किमान तेरा बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. पंचायत निवडणुकीतली दोन अपत्यांची अट मध्य प्रदेशाने २००५ मध्ये मागे घेतली. महाराष्ट्रात ती टिकून राहिली. बीडमध्ये सरकारी समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेली होती. मुकादमाची उचल, बुडणारी मजुरी आणि खासगी दवाखाने यांच्या कात्रीत घेतलेला तो निर्णय मोकळा होता, असे कोण म्हणेल? नसबंदीला चर्चचा विरोध आहेच. तो विरोध ‘बाईवर कोणीही जबरदस्ती करायची नाही’ या भाषेत आला, तर स्त्रियांच्या संघटना त्याच्यासोबत उभ्या राहतील. मात्र मग हीच भाषा मूल नको म्हणणाऱ्या बाईलाही लागू करावी लागेल.

या साऱ्यावर संशयाची सावली आहे. मध्य प्रदेशात धर्मांतरावर कायद्याची नजर १९६८ पासून आहे आणि २०२१ च्या कायद्याने ती आणखी कडक केली. रानी मारियांवरही धर्मांतराचा आरोप झाला होता. सेवेच्या बदल्यात श्रद्धा मागणे अन्यायाचे आहे, हे ख्रिस्ती संस्थांनी निःसंदिग्धपणे पाळले पाहिजे. पण आदिवासी बाईला तिचे हक्क समजावणे म्हणजे आमिष, असे मानणारे सरकार तिच्या हाती उरलेला आधारही काढून घेते.

करण्यासारख्या गोष्टी ठोस आहेत. धार, देवास, बडवानीतल्या प्रत्येक मिशन दवाखान्याने दारावर हिंदी, निमाडी आणि भिलीत लिहून लावावे की, संकटात आईचा जीव आधी वाचवला जाईल. जी सेवा इथे मिळत नाही, ती कुठे मिळेल हे चिठ्ठीवर लिहून दिले जाईल. आणि कायद्याने बाईला काय दिले आहे, हे विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितले जाईल. निसरपूरच्या पुनर्वसन वसाहतींतल्या दवाखान्यांचा, अंगणवाड्यांचा आणि मुलींच्या डावललेल्या हक्काचा पाठपुरावा बिशपांनी सहीनिशी करावा. उदयनगरला दर २५ फेब्रुवारीला प्रार्थनेसोबत जनसुनावणी ठेवावी. तिन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना तिथे बोलवावे, वर्षभरात बाळंतपणात गेलेल्या प्रत्येक बाईच्या मृत्यूचे कारण त्यांच्याकडून सर्वांसमोर ऐकावे आणि ते लिहून घेऊन पुढच्या वर्षी त्याचा जाब विचारावा.